हलकी गाडी, पण हलकी कोणाला?

दिवाळीनंतरच्या बैठकीला आमच्या गटातली एक मैत्रीण एक रंगीत पत्रक घेऊन आली. तिचा भाचा पुण्यात नोकरीला आहे, त्याने आणून दिलेले. गुळगुळीत कागदावर बॅटरीवर चालणारी, चार चाकांची छोटी स्कूटर. वजन अमुक किलो, दोन मिनिटांत घडी, मोटारीच्या डिकीत मावते, आता कोणावर अवलंबून राहू नका, असा मजकूर. एका चित्रात पांढऱ्या केसांच्या एक बाई बागेतल्या फरशीवरून स्कूटर चालवत आहेत. दुसऱ्या चित्रात एक तगडा तरुण तीच स्कूटर घडी करून डिकीत ठेवतो आहे आणि बाई शेजारी उभ्या राहून हसत आहेत.

ही मैत्रीण उसाच्या ट्रॉलीवरून पडली, कंबरेखाली काही उरले नाही. अपघाताचे थोडे पैसे मिळालेत, ते घरखर्चात जिरायच्या आत तिला काही घ्यायचे आहे. तिने मला विचारले, "ताई, तुमी गाडी चालवताव, तुमाला म्हाईत. ही घिऊ का?"

मी पत्रक दोनदा वाचले आणि त्या दुसऱ्या चित्रावर बोट ठेवले. "हा माणूस कुठून आणणार?"

या लेखाचा सगळा मजकूर त्या एका प्रश्नात आहे. तरी सविस्तर लिहिते, कारण आपल्या चळवळीत या विषयावर कोणी भांडत नाही. अपंगांच्या संघटनांत बाईचा प्रश्न येत नाही आणि बायकांच्या संघटनांत अपंगत्वाचा येत नाही. दोन्हीकडच्या सतरंजीवर मी बसलेली आहे, म्हणून हे म्हणण्याचा मला अधिकार आहे. (मी 'अपंग' हाच शब्द वापरते. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' शब्द सुचवला, पुढे सरकारी खात्यांची नावे बदलली. माझ्या पायांत दिव्य असे काही आलेले नाही. गावची एस.टी. जितकी उंच होती तितकीच आहे.)

मला दोन वर्षांची असताना पोलिओ झाला. दोन्ही पाय गेले. आमचे गाव तेव्हाच्या उमरगा तालुक्यात होते, आता लोहाऱ्यात येते. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंप झाला तेव्हा मी ओसरीवर दाराजवळ झोपले होते. सरपटत बाहेर जायला सोपे पडावे म्हणून माझी जागा नेहमी तिथेच. माळवदाची माती आणि दगड आतल्या माणसांवर आले, मी अंगणात फेकल्यासारखी पडले आणि वाचले. शेजारच्या वहिनीचा कणा मोडला. त्या भूकंपात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. किती बायका खाटेला खिळल्या हा आकडा मला कुठल्या पुस्तिकेत वाचायला मिळालेला नाही. पुनर्वसनात बावन्न गावे पूर्ण उठवून नव्या जागी वसवली. रस्ते रुंद, सरळ, आखीव. गावात सगळे म्हणत, आता ट्रक जाईल इतका रस्ता झाला. वहिनीने तो रस्ता दारातून पाहिला, तेवढाच. घराचा जोता दीड हात उंच आणि उताराची सोय कोणाच्या नकाशात नव्हती. ती दारातल्या खाटेवर अकरा वर्षे राहिली आणि गेली. रस्ता होता, जागा होती, पैसाही आला होता. तिला चाक मात्र कोणी दिले नाही, कारण "तिला कुठं जायाचंय?"

हा प्रश्न मी जन्मभर ऐकत आले आहे. आईने तो मायेने विचारला, भावजयीने रागाने, आणि शिबिरातल्या साहेबांनी अर्ज भरताना पेन हातात धरून. एका वाटप शिबिरात मी सकाळी आठपासून मंडपात बसले होते. माझ्या पुढच्या पुरुषाला विचारले, "काय धंदा करता?" त्याने पानटपरी सांगितली. मला विचारले, "तुम्हाला कुठं जायचंय बाई? घरी कोण कोण असतं?" मी म्हणाले, "शिवणाचं कापड आणायला तालुक्याला जायचंय." साहेब म्हणाले, "भाऊ आणून देत नाही का?" त्याला मोटरची तीनचाकी मिळाली, मला हाताची. माझ्या प्रमाणपत्रावर टक्के कमी होते हे खरे. मोटरच्या तीनचाकीला शिबिरांत ८० टक्क्यांची अट सांगतात. दोन्ही पाय गेले तरी हात धड आहेत म्हणून माझे टक्के भरत नाहीत. म्हणजे सरकारने माझे हात मोजले आणि त्याच हातांनी आयुष्यभर दांडा फिरव म्हणून सांगितले.

हाताची तीनचाकी ज्यांनी चालवलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. एका हाताने दांडा गरागरा फिरवायचा, दुसऱ्याने सांभाळायचे. पाच-सहा किलोमीटरला खांदा भरून येतो. चढ आला की कोणाला तरी हाक मारायची, "दादा, जरा ढकला." ढकलणारे भले असतात, तसे नसलेलेही असतात. पाठीवर हात ठेवून ढकलणारा आणि सीटच्या दांड्याला धरून ढकलणारा यांतला फरक बाईला पहिल्या सेकंदाला कळतो, पण चढावर थांबून भांडता येत नाही. साडीचा पदर चाकात जातो. गाडी इतकी रुंद की घराच्या दारातून आत येत नाही, मग ती रात्री बाहेर आणि मी आत. सकाळी कोणी ती दारापर्यंत आणली तर मी बाहेर पडणार. तरीसुद्धा त्या गाडीचे उपकार मी विसरणार नाही. तिने मला गावाची वेस दाखवली. वेशीपलीकडे मात्र ती गेली नाही.

वेशीपलीकडे जायला भावाची मोटारसायकल होती. आता जे सांगते ते सांगताना अजून घसा कोरडा पडतो.

२००९ साली वडील वारले. साडेसहा एकर जमीन. पुढच्या वर्षी एके दिवशी दादा म्हणाला, "चल, तालुक्याला एक सही करायची हाय. वारसाचं काम हाय." मला त्याच्या मागे बसवले, पडू नये म्हणून टॉवेलने त्याच्या कमरेला बांधले. कचेरीत गेल्यावर लेखनिकाने कागद वाचून दाखवला तेव्हा कळले, ते हक्कसोडपत्र होते. मी आपल्या शिबिरांत ऐकलेले होते की महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका वाटा दिला आणि २००५ साली केंद्राने तो कायदा देशभर केला. मी म्हणाले, सही करत नाही. दादा काही बोलला नाही. त्याने टॉवेल खांद्यावर टाकला, गाडी चालू केली आणि निघून गेला. माझ्या कुबड्या घरी होत्या.

दुपारी बारापासून संध्याकाळी पाचपर्यंत मी त्या कचेरीच्या पायरीवर बसून होते. पाणी प्यायले नाही, कारण पाणी प्यायले तर पुढचा प्रश्न येतो आणि तो सोडवायला तिथे जागा नव्हती. शेवटी भाजी विकून परत निघालेल्या एका मावशीने दोन माणसे बोलावली. त्यांनी मला उचलून एस.टी.त टाकले. टाकले हाच शब्द बरोबर आहे. एकाने काखेत हात घातला, तो हात जिथे जायला नको तिथे गेला. मी मावशीकडे पाहिले, तिने मान खाली घातली. वाहकाने अपंगाचे सवलतीचे तिकीट दिले. सुटे पैसेही परत दिले.

मैत्रिणींनो, ज्याच्या गाडीवर बसून जायचे त्याच्याविरुद्ध अर्ज कसा द्यायचा, याचे उत्तर आपल्या कुठल्या पुस्तिकेत आहे? कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आपण गावोगाव समजावून सांगतो. संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता देतो. त्या पत्त्यावर जायचे कसे? अपंग बाईवर लैंगिक अत्याचार झाला तर पोलिसांनी तिच्या घरी किंवा ती सांगेल तिथे येऊन तक्रार नोंदवावी, असे २०१३ च्या दुरुस्तीने कायद्यात आले आणि २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ते कायम आहे. चांगलेच झाले. पण करणारा त्याच घरात राहत असेल तर पोलीस दारात आल्यावर ती काय बोलणार? "ती सांगेल तिथे" म्हणायला तिला तिथपर्यंत जाता आले पाहिजे.

म्हणून मी म्हणते की आम्हाला कुठली गाडी मिळते हा दानधर्माचा किंवा आरोग्य खात्याचा विषय नाही. जमिनीच्या हक्काइतकाच तो बाईच्या हक्काचा विषय आहे. माझ्या बाबतीत तर एकातून दुसरा मिळाला. वाटणी व्हायला तीन वर्षे गेली. मला दीड एकर मिळाले, वाट्याला हवे होते त्याहून कमीच. ती जमीन खंडाने दिली, दोन वर्षांचा खंड आगाऊ घेतला, गटातून कर्ज काढले आणि २०१४ साली स्कूटी घेऊन तिला मागे दोन्ही बाजूंनी जादा चाके बसवून घेतली. पहिली फेरी तलाठ्याकडे मारली. माझ्या नावाचा सातबारा मीच आणला.

परवान्याची गोष्ट इथेच सांगून टाकते. माझ्या वर्गाच्या परवान्यावर गाडीचा प्रकार लिहीत 'इनव्हॅलिड कॅरेज'. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलाच शब्द. एकदा भाचीने शब्दकोशात पाहून सांगितले की इनव्हॅलिड म्हणजे आजारी, दुबळा, आणि इनव्हॅलिड म्हणजे बाद, रद्दबातलसुद्धा. एम.एच. २५ च्या रस्त्यांवर मी पाच वर्षे बाद होऊन फिरले. २०१९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढला आणि 'अनुकूलित वाहन' अशा अर्थाचा घातला. शब्द बदलायला एकतीस वर्षे लागली.

आता त्या पत्रकाकडे वळू.

बॅटरीची ही छोटी स्कूटर मुळात कशी आली ते मला समजले तेव्हा मजा वाटली. १९६८ साली अमेरिकेत मिशिगन राज्यात ॲलन थीम नावाच्या नळकाम करणाऱ्या माणसाने ती आपल्या बायकोसाठी बनवली. तिला मज्जासंस्थेचा आजार होता आणि चाकाच्या खुर्चीत बसायचे नव्हते. म्हणजे एका बाईने 'हे नको, दुसरे काहीतरी' म्हटले त्यातून हे यंत्र आले. पण ते आले तिथल्या फरशीसाठी, सपाट पदपथासाठी, दुकानांच्या रुंद दारांसाठी. पुढे ते घडीचे आणि हलके झाले ते मोटारीच्या डिकीत आणि विमानात नेता यावे म्हणून. 'हलके' या शब्दामागे घरी मोटार आहे आणि ती चालवणारा, उचलणारा माणूस आहे हे गृहीत धरलेले आहे. पंचवीस-तीस किलो म्हणजे धान्याचे अर्धे पोते. उभी असलेली बाई ते कसेबसे उचलेल. जमिनीवर बसलेली बाई पंचवीस किलो उचलून एस.टी.त ठेवणार आहे का? आमच्या मैत्रिणीने पत्रकावरच्या नंबरला फोन लावला आणि सरळ विचारले, "मी खाली बसून याची घडी घालू शकते का?" पलीकडचा मुलगा थोडा थांबला आणि म्हणाला, "मॅडम, घरचं कोणीतरी असेलच ना सोबत."

मग सोबतच घ्यायची तर स्कूटर कशाला?

चाके पाहा. वीतभर व्यासाची. जमिनीपासून पोटाचे अंतर चार बोटे. आमच्याकडे पावसाळ्यात काळ्या रानाचा चिखल बैलगाडीचे चाक धरून ठेवतो, तिथे हे चाक पहिल्या दहा पावलांत रुतेल. उन्हाळ्यात गावातले गतिरोधक, पाईपलाईनसाठी फोडून तशीच बुजवलेली गल्ली, गटारावरची हलणारी फरशी. तीन चाकांची गाडी लहान जागेत वळते पण आडव्या उतारावर कलंडते. चार चाकांची बसायला भरवशाची, पण तिला वळायला अंगण लागते. शिशाच्या आम्लाची बॅटरी स्वस्त, जड आणि लवकर मरते. लिथियमची हलकी, जास्त टिकते, पण बदलायची वेळ आली की गाडीच्या किमतीचा मोठा तुकडा घेऊन जाते. पत्रकातले किलोमीटर सपाट रस्त्यावरचे आणि नव्या बॅटरीचे असतात, ते निम्मे धरून चालावे. चार्जिंगला सहा-आठ तास लागतात आणि आमच्याकडे वीज कधी येते-जाते ते सगळ्यांना माहीत आहे.

या गोष्टी घ्यायच्या आधी बघाव्यात म्हणून मी मैत्रिणीला टेप घेऊन घरभर फिरायला लावले. म्हणजे ती खाटेवर आणि तिची मुलगी टेप घेऊन. दाराची रुंदी. उंबऱ्याची उंची. खाटेची उंची आणि गाडीच्या सीटची उंची, कारण त्या दोन सारख्या नसल्या तर खाटेवरून गाडीवर जायला पुन्हा कोणाचे तरी हात लागतात. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत किती, आणि त्यात चिखलाचे किती महिने. नादुरुस्त झाली तर कोण दुरुस्त करणार? गावातला मोटारसायकलचा मिस्त्री उघडून पाहू शकेल अशी आहे की सुटा भाग परगावाहून यायची वाट बघत दोन महिने घरात बसायचे? शिबिरात मिळालेल्या मोटरच्या तीनचाक्या आमच्या भागात कितीतरी घरांच्या मागे उभ्या आहेत, बॅटरी गेली, पुढे काही नाही. कोंबड्या बसतात त्यांच्यावर. आणि सगळ्यात महत्त्वाचे : स्वतः बसून, स्वतःच्या रस्त्यावर चालवून पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. चप्पल घेताना आपण पायात घालून पाहतो. आमच्या पायांच्या जागी जे यायचे ते मात्र मंडपात नाव पुकारल्यावर हार घालून मिळते आणि आवडले का असे कोणी विचारत नाही.

जादा चाकांच्या स्कूटीचेही मी गोडवे गाणार नाही. ती वळताना झुकत नाही, म्हणून वळणावर वेग अगदी कमी ठेवावा लागतो, नाहीतर बाहेर फेकली जाते. रस्ता कडेला उतरता असेल तर ती कडेलाच ओढते. चाकोरीत एक चाक अधांतरी राहते. आणि तिच्या मर्यादेची खरी जागा म्हणजे कचेरीचे फाटक. तीस किलोमीटर मी राणीसारखी येते आणि फाटकापाशी पुन्हा रांगणारी बाई होते. कुबड्यांवर चार पायऱ्या चढते, पाचवीला दम लागतो. ज्यांना कुबड्याही चालत नाहीत, आमच्या या मैत्रिणीसारख्या, त्यांना स्कूटीवर तोल धरून बसणेच अवघड.

म्हणजे दोन गोष्टी लागतात : लांब नेणारे वाहन आणि पोचल्यावर आत नेणारी खुर्ची. आय.आय.टी. मद्रासमधल्या लोकांनी २०२० साली 'नियोबोल्ट' नावाचे एक यंत्र बाजारात आणले. चाकाच्या खुर्चीला पुढून मोटरचे चाक अडकवायचे, खुर्चीची गाडी होते. पोचल्यावर चाक सोडायचे, खुर्ची घेऊन आत जायचे. ताशी पंचवीस किलोमीटरपर्यंत वेग. कल्पना मला पटली, कारण ती बसलेल्या माणसाच्या बाजूने केलेली आहे. पण त्या वेळी त्या जोडणीचीच किंमत ५५ हजार होती, खुर्ची निराळी. शिवण करणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या बाईने हे पैसे कुठून आणायचे?

आता इथे सरकारला धरायचे. आपल्या हातात कागद आहेत. भारताने १ ऑक्टोबर २००७ ला अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला. त्याच्या विसाव्या कलमात आहे की माणसाला त्याला हव्या त्या रीतीने, हव्या त्या वेळी आणि परवडेल अशा खर्चात हिंडता-फिरता आले पाहिजे. हव्या त्या वेळी, हे शब्द बायकांनी नीट वाचावेत. भावाला सवड होईल तेव्हा असे तिथे म्हटलेले नाही. २०१६ च्या आपल्या कायद्याच्या ४१ व्या कलमात सरकारने परवडणाऱ्या दरात वैयक्तिक वाहतुकीसाठी योजना करावी, सवलती द्याव्यात, गाड्यांत बदल करून देण्याची सोय करावी असे आहे. ३७ व्या कलमात गरिबी हटवण्याच्या आणि विकासाच्या योजनांत पाच टक्के राखीव आणि त्यात अपंग स्त्रियांना अग्रक्रम, असे आहे. अग्रक्रम! मी ज्या मंडपात बसले होते तिथे पहिल्या रांगेत एकही बाई नव्हती.

१९८१ पासून केंद्राची साधनवाटपाची एडिप योजना आहे. २०१४ च्या तिच्या नियमांत मोटरच्या तीनचाकीला अनुदानाची मर्यादा २५ हजार ठेवली होती आणि उरलेली रक्कम खासदार-आमदारांच्या निधीतून किंवा आणखी कुठून जमवायची. त्यामुळे गाडीबरोबर फोटो येतो आणि फोटोबरोबर मंडप. बाईला स्वतः निवडायचे असेल, तिच्या दाराच्या मापाची, तिच्या रस्त्याची गाडी हवी असेल, तर मंडपात त्याला जागा नाही. माझे म्हणणे सरळ आहे. तेवढी रक्कम बाईच्या स्वतःच्या खात्यात द्या, मापे घ्यायला आणि चालवून पाहायला तालुक्याच्या गावी जागा द्या, आणि दुरुस्तीची सोय जिल्ह्यात ठेवा. पैसे खात्यात दिले तर नवरा-भाऊ खातील, असे काही मैत्रिणी म्हणतील. खातीलही. म्हणून सातबाऱ्यावर बाईचे नाव लावू नका असे आपण म्हटले होते का?

करांची गंमत तर सर्वांना ठाऊक असावी. १ जुलै २०१७ ला वस्तू-सेवा कर आला तेव्हा कुंकू, टिकली आणि काचेच्या बांगड्यांवर काही नाही. चाकाच्या खुर्चीवर ५ टक्के. सॅनिटरी पॅडवर तर १२ टक्के, ते वर्षभर ओरडल्यावर २०१८ च्या जुलैत गेले. बाईने सजून घरात बसावे हे सरकारला फुकटात चालते.

आणि एस.टी. अपंगाला तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. ६५ टक्क्यांवर अपंगत्व असेल तर सोबत्यालाही निम्मी. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना निम्मे तिकीट. आपण त्याचे स्वागत केले, मीही केले. पण दाराची पहिली पायरी धडधाकट बाईलाही साडी वर धरून चढावी लागते. म्हाताऱ्या, गरोदर, उसाच्या मोळ्या वाहून चाळिशीत गुडघे गेलेल्या, सगळ्या त्या पायरीपाशी एकमेकींना ओढत असतात. सवलत तिकिटात दिली, पायरीत नाही. त्याच वर्षी उस्मानाबादचे धाराशिव झाले. पाट्या बदलल्या, पायरी तेवढीच.

शेवटी थोडे आपल्याच घराबद्दल. बाईने रात्री एकटीने फिरावे, रस्ता आमचाही आहे, अशा घोषणा मी तुमच्याबरोबर दिल्या आहेत. एका मेळाव्यात निवासाची व्यवस्था दुसऱ्या मजल्यावर होती. चार मैत्रिणींनी मला खुर्चीसकट उचलले, जिन्यात गाणे म्हटले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुमचे प्रेम मला कळते. पण तीन दिवस मी खाली उतरू शकले नाही, कारण दर वेळी चौघींना हाक मारायची लाज वाटत होती. संडास खाली होता. मी तीन दिवस अर्धा-अर्धा पेला पाणी पिऊन 'शरीर आणि स्त्री' या विषयावरची चर्चा ऐकली. तळमजल्यावर शाळेचा एक वर्ग मोकळा होता, हे मला निघताना दिसले. कोल्हापूरला नसीमाताई हुरजूक यांनी १९८४ साली संस्था उभी केली, स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचे पुस्तक आपल्या बहुतेक वाचनालयांत आहे. आपण ते जिद्दीची कहाणी म्हणून वाचतो, रडतो आणि पुढची बैठक पुन्हा माडीवर ठेवतो.

आमच्या मैत्रिणीने ती घडीची स्कूटर घेतलेली नाही. तिला वर जोडणीची खुर्ची हवी आहे आणि ती चालवून पाहायला मिळावी म्हणून ती हटून बसली आहे. पैसे निम्म्याहून कमी पडतात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. आम्ही माहितीच्या अधिकारात गेल्या पाच वर्षांचा हिशेब मागितला. उत्तर आले त्यात एका वर्षी डबे वाटले आहेत, एका वर्षी ब्लँकेटे. उरलेल्या तीन वर्षांपुढे रेघ आहे. त्या रेघेचे पैसे आम्ही २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मागणार आहोत. सभा देवळाच्या सभामंडपात भरते, वर जायला सहा पायऱ्या आहेत. सरपंचबाईंना आम्ही लेखी कळवले आहे की सभा खाली पिंपळाच्या पारापाशी घ्यावी. त्यांचे उत्तर अजून नाही. नाही आले तर आम्ही दोघी पायऱ्यांखाली बसू, गटातल्या बायकाही खालीच बसणार म्हणतात, आणि गणसंख्या भरायची तर त्यांना खाली यावेच लागेल.

तुमच्या गावचा पाच टक्क्यांचा हिशेब कोणी मागितला असेल तर या अंकाच्या पत्त्यावर कळवा. जोडणीची खुर्ची कोणाकडे असेल तर तेही कळवा, आम्ही बघायला येऊ. स्कूटीवर दोघी बसतो.